सहावं शील

२८ डिसेंबर, रविवार

आज वंदना मी घेतली. एवढंच लिहायचं म्हणून वही काढली, आणि आता हात थांबंना.

मुक्ताआजीचा घसा बसलाय. वस्तीतल्या विहाराची चावी तिच्याकडं, रविवारची वंदना बी तीच घेती. तिला वाचता येत न्हाय. सगळं पाठ हाय, आणि तिच्याजवळ बसून बसून माजंबी पाठ झालंय. दहा वाजता बाया पांढऱ्या साड्या नेसून येऊन बसल्या, आजीनं तोंड उघडलं तर नुसतं वारं. मग तिनं मला पुढं ढकललं. खरंच ढकललं, पाठीत कोपर घालून.

मला चार माणसांत बोलता येत न्हाय. नववीत शाळा सुटली ती ह्याच्यामुळंच. हजेरीला 'हजर' म्हणायला मी तोंड उघडायची तवर बाई पुढच्या नावावर गेलेल्या असायच्या. वर्गात बसून मी गैरहजर. शेवटी हजेरी कमी पडली म्हणून पप्पांना बोलवलं. पप्पा म्हणले, "सांग की बाईंना, तू रोज यायचीस म्हणून." मला तेबी सांगता आलं न्हाय. तवापासनं गारमेंटला जाते. शाळेच्या शर्टाला खिसे लावते.

पण पाली म्हणताना तसं होत न्हाय. मी 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणलं आणि मागनं पन्नास-साठ बायांचा आवाज आला, तेच, जसंच्या तसं. दिवसभर मशीनवर वाकून पाठ धरल्यावर भिंतीला टेकलं की कसं वाटतं, तसं वाटलं.

पंचशील झालं, साधू साधू साधू म्हणून तीनदा वाकलो. उठून बघितलं तर पप्पा दारात. पप्पा विहारात चौदा एप्रिलला येतात, न्हायतर मिटिंग असली तर. आज उभं राहून सगळ्या बायांकडं बघत होते, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत, ओठ हालवत. पप्पा बी माज्या मागं म्हणत होते. मला लई बरं वाटलं.

३० डिसेंबर

मम्मीचा फॉर्म भरला. महापालिकेला ह्या वेळी आमच्या वार्डातली जागा महिलांना सुटली, म्हणून पप्पांच्या जागी मम्मी. अपक्ष.

पप्पा वायरमन हायत. दोनदा उभे राहिले, दोनदा पडले. पण वस्तीत ज्यानं त्यानं 'हरिदास नगरसेवक' असंच म्हणायचं. कुणाचं रेशन कार्ड, कुणाचा दाखला, कुणाच्या घरात कनेक्शन, सगळं पप्पा. एकदा पाईपलाईनच्या मोर्च्यात त्यांचा हात मोडला, तो अजून पूर्ण वर जात न्हाय. पाणी पाच दिवसाला येतं, आणि टेकाडावरच्या घरांत धारच चढत न्हाय. पप्पा म्हणतात, ह्या वेळी चढवणार.

मम्मी मेसमध्ये चपात्या लाटती. तितनंच सहीला गेली. बोटाला पीठ. पप्पा म्हणले, "अगं पूस की, राजश्री." शपथपत्र होतं, पानंच्या पानं. ती म्हणली, "वाचू का जरा?" रत्नदीपदादा म्हणला, "काकू, वाचत बसलो तर टाईम संपंल." रत्नदीपदादा बी.ए. झालाय, पप्पांचं सगळं लिहायचं काम तो करतो. मम्मीनं दहा ठिकाणी सह्या केल्या.

घरी आल्यावर मी इचारलं, "मम्मी, निवडून आलीस तर काय करशील?"

"चपात्या," म्हणली.

चेष्टा करती कायम.

३ जानेवारी

चिन्ह मिळालं. शिलाई मशीन. पप्पा खूष, बायांचं चिन्ह म्हणून. मी दिवसभर मशीन बघते, आता घरी आलं तरी दारावर मशीन, रिक्षावर मशीन, मम्मीच्या फोटोशेजारी मशीन. फोटोत मम्मी हात जोडून हसतीय. रत्नदीपदादानं हसायला सांगितलं होतं. ओळखूच येत न्हाय.

४ जानेवारी, रविवार

आज बी वंदना मीच घेतली. आजीचा घसा तसाच. पंच्याऐंशी बाया होत्या. पप्पांनीच सांगितलं आकडा. मी पालीत काय म्हणलं ते त्यांना आठवत नव्हतं, पण आकडा बरोबर आठवत होता.

रत्नदीपदादानं मोबाईलवर शूटिंग केलं. परत परत लावून बघत होता. "हरिदासकाका, बघा की. ही 'मुसावादा' म्हणती, त्या 'मुसावादा' म्हणत्यात. ही थांबती, त्या थांबत्यात. एक बाई चुकंना."

पप्पा म्हणले, "हिच्या आवाजात हाय काय तरी."

माज्याबद्दल पप्पा असं कधीच बोलले नव्हते. संध्याकाळी मी त्यांची आवडती शेंगाची चटणी कुटली.

५ जानेवारी

गारमेंटमध्ये निंगव्वाअक्का माज्या शेजारच्या मशीनवर बसती. अक्कलकोटकडची हाय, मराठी बोलता बोलता मधीच कानडीत शिरती. म्हणली, "तुमच्यात मत कसं मागतात ग?"

"घरोघर जाऊन."

"आमच्या गावात भंडारा उचलायला लावतात. देवळात नेऊन. हळद हातात घेतली की झालं, मग मत तिकडंच. न्हाय दिलं तर देव बघून घेतो."

"खरंच बघून घेतो?"

"माज्या चुलत्यानं भंडारा उचलून दुसऱ्याला दिलं. त्याची म्हैस मेली."

"लगेच?"

"तीन वर्षांनी," निंगव्वाअक्का म्हणली. "पण मेली की नाय?"

मी लई हसले. शेठनं बघितलं म्हणून गप्प झालो.

७ जानेवारी

आज हसायला येत न्हाय.

संध्याकाळी पप्पा आणि रत्नदीपदादा घरी आले. मम्मी भाकरी थापत होती. रत्नदीपदादानं घडी केलेला कागद माज्या पुढं ठेवला. "प्रिया, येत्या रविवारी वंदनेला मोठं बोलावणं करतोय. टेकाडावरचे पण येणार. तू पंचशील घ्यायचं. पाच झाले की थांबायचं न्हाय, हे म्हणायचं. त्याच सुरात, तसंच तोडून तोडून."

कागदावर लिहिलं होतं: मी भगवान बुद्धांच्या साक्षीनं शपथ घेते, की माझं मत मी शिलाई मशीनलाच देईन.

मम्मी आतनं म्हणली, "पंचशीलात?"

"पंचशीलात न्हाय. पंचशीलानंतर," पप्पा म्हणले.

"सहावं शील म्हणा की सरळ," रत्नदीपदादा हसला.

"सहावं हाय की आधीच," मम्मी म्हणली. "उपोसथाला घेतात. दुपारनंतर जेवायचं न्हाय."

"काकू, ते भंतेजींचं. आपलं हे पंधरा तारखेच्या मतदानापर्यंतच पाळायचं."

पप्पा हसले न्हाईत. माज्या समोर खाली बसले. पप्पा असे खाली बसले की मला भ्या वाटतं, कारण मग ते ओरडत न्हाईत. म्हणले, "समोरची पार्टी साड्या वाटतीय. आज टेकाडावर टेम्पो गेला. माज्याकडं काय हाय द्यायला? वीस वर्षं पळालो तेवढंच हाय. बाया माज्याकडनं काम करून घेणार, त्यांची साडी नेसणार, आन् बटण त्यांचंच दाबणार. दोनदा बघितलंय मी. शपथ घेतली तर धा वेळा इचार करतील. हे काय माज्यासाठी हाय का? त्यांच्याच नळासाठी हाय. ह्यात खोटं काय हाय सांग."

मी इचार केला. खोटं काहीच नव्हतं. मी मान हलवली, न्हाय म्हणून. म्हंजी खोटं न्हाय म्हणून.

त्यांनी ते 'म्हणते' असं धरलं. रत्नदीपदादा म्हणला, "झालं काम," आणि चहा न पिता गेला.

मला म्हणायचं होतं की मी म्हणणार हाय असं न्हाय म्हणलं. पण तवर पप्पा उठले होते.

८ जानेवारी

चाळीस शर्टांना खिसे उजव्या बाजूला लावले. सगळे उसवले.

९ जानेवारी

कामावरनं तशीच मुक्ताआजीकडं गेले. ती विहाराच्या पायरीवर ऊन खात बसली होती. आवाज अजून न्हाय, कुजबुजती. मी कागद दाखवला, मग आठवलं तिला वाचता येत न्हाय, मग वाचून दाखवला. मी म्हणलं, "आजी, चुकीचं हाय का हे?"

"तुज्या बापानं हितं वायर वढली तवा खांबावरनं पडला व्हता," आजी म्हणली. "पाच टाके. पैसं घेतलं न्हाईत. ह्या टेकाडावर सरकारी माणूस आदी कुणी आणला, तर तुज्या बापानं. ते इसरू नगं."

"न्हाय इसरत."

समोर एक बाई घागर घेऊन टेकाड चढत होती, आजी ती दिसंनाशी होईस्तोवर बघत बसली. मग म्हणली, "मोडनिंबला आमच्या घरात देव्हारा व्हता. मी एवडीशी व्हते. बाप सभेवरनं धम्म घेऊन आला आन् सगळं देव टोपल्यात भरून नदीला नेऊन सोडलं. दुसऱ्या दिशी आईला ताप भरला. शेजारपाजार जमला. देव कोपला म्हणले, आन जा परत. बाप म्हणला, कोपू दे. कोपणाऱ्याच्या दारात आता जायाचं न्हाय."

"मग? आई गेली?"

"कशाला जाती? तिसऱ्या दिशी उठून भाकरी केल्या." आजी हसली तर खोकलाच आला. "मला सांग, मत न्हाय दिलं तर ह्यो आमचा काय करील? म्हस मारंल?" आणि आत मूर्तीकडं बोट.

निंगव्वाअक्काच्या म्हशीचं मी आजीला सांगितलं नव्हतं. सगळीकडं म्हशीच मरतात वाटतं.

"न्हाय करणार काय," मी म्हणलं.

"मग शपत कशाच्या जिवावर? भ्याच्याच की. बाया भितील म्हणून. बापानं भ्या नदीला सोडलं, आमी ते भिजलेलं उचलून परत हितं आणून मांडायचं."

"मग म्हणू नको का?"

"मला इचारू नगं," आजी म्हणली. "मला पाणी बी पायजे आन् ह्यो बी पायजे. मी म्हातारी हाय, दोन घागरी वढत न्हाईत आता माज्यानं."

म्हणजे मलाच ठरवायचंय. आजी सांगंल म्हणून गेले होते.

१० जानेवारी

मम्मीबरोबर प्रचाराला गेले. सात रस्ता चौकापर्यंत रिक्षा, भोंगा, मग परत वस्तीत चालत. मम्मी प्रत्येक दारात हात जोडती आणि रत्नदीपदादा बोलतो. एका घरात आजोबा म्हणले, "तुमी बोला की ताई, तुमी उभ्या हाव का हे?" मम्मी लाल झाली. "राहू द्या लक्षात," एवढंच म्हणली.

टेकाडावरच्या शेवटच्या घरात पाणी प्यायला मागितलं. त्या बाईनं तांब्या भरून दिला आणि मग उरलेलं मडक्यात परत ओतलं, थेंब न सांडता. ते बघून मला वाटलं, म्हणून टाकावं. एक ओळ तर हाय. मी कोण मोठी लागून गेले. पप्पांचा हात वर जात न्हाय आणि मी शीलाचं घेऊन बसले.

उतरताना मम्मीनं इचारलं, "उद्या म्हणणार हायस का ते?"

"म्हायती न्हाय."

"मी पुढच्याच रांगेत हाय. तू जे म्हणशील ते मला मागं म्हणायचंय." थोडं चालल्यावर म्हणली, "त्या फॉर्मवर बी शपथच होती ग. दहा सह्या. काय लिहिलं होतं देव जाणे." मग तिलाच हसू आलं, "देव कुटला आपल्यात."

मला वाटतं ती लई दमलीय.

११ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, कारण आत्ताच लोकं वेगळं सांगायला लागलीत.

विहार भरला होता. बाहेर मांडव घातला होता, तोबी भरला. रत्नदीपदादानं माज्यासमोर माईक ठेवला, मी तो जरा बाजूला केला, त्यानं परत समोर केला. मम्मी पहिल्या रांगेत, तिच्या पांढऱ्या साडीची घडी अजून मोडली नव्हती. पप्पा भिंतीला टेकून उभे. आजी मेणबत्त्या लावत होती. लावून झाल्यावर माज्याकडं बघितलं न्हाय.

कागद माज्या मांडीवर होता. पाठ झाला होता, तरी होता.

सुरू केलं. पहिला शब्द फुटेपर्यंत भ्या होतं, मग न्हाय. त्रिसरण झालं. पहिलं शील, दुसरं, तिसरं. मागनं आवाज यायचा तो छातीवर येऊन आपटायचा, इतकी माणसं. माज्या मनात एकच चाललेलं, पाच म्हंजी किती लवकर संपतात. चौथं आलं. 'मुसावादा' म्हणलं. खोटं बोलण्यापासनं लांब राहण्याचं शील मी घेते. दोनशे माणसं म्हणली. कागदावर खोटं न्हाय, हे मला तवा बी म्हायती होतं. पण हे सगळं आपण कुणाच्या भ्यानं म्हणत न्हाय, म्हणून तर ते म्हणतो. ह्याला ती ओळ जोडली की मागची पाची बी भ्याची होणार. असं मला तवा वाटलं. आता लिहिताना तेवढं पक्कं वाटंना, पण तवा वाटलं.

पाचवं झालं.

सगळे हात जोडून बसलेले. डोळे मिटलेले. रत्नदीपदादानं मला मान हलवून खूण केली. पप्पांनी डोळे मिटले नव्हते.

मी गप्प बसले.

माज्या आयुष्यात मी हजार वेळा गप्प बसलेय, पण असं न्हाय. तोंडात आवाज होता. जिभेवर होता. मी तो तितंच धरून बसले. बाया एक डोळा उघडून बघायला लागल्या. बाहेर मांडवात कुणी तरी खोकलं. माईकमधनं माजाच श्वास ऐकू यायला लागला, एवढा मोठा की मला लाज वाटली.

मग पुढनं मम्मी म्हणली, "साधू, साधू, साधू."

लगेच सगळे म्हणले. सगळे वाकले. तीनदा. दोनशे माणसं वाकली आणि उठली, म्हंजी संपलं.

मम्मी ती ओळ विसरली असणार. दहा दिवस उन्हात फिरून डोकं ठिकाणावर न्हाय तिचं.

रत्नदीपदादानं पळत येऊन माईक उचलून पप्पांना दिला. पप्पा म्हणले, "बसा, बसा, एक मिनिट. माज्या मागं म्हणा सगळ्यांनी." अर्ध्या बाया उभ्या होत्या. पप्पांनी हात जोडले, एक वर, एक खाली, तेवढाच जातो त्यांचा. म्हणले, "मी, भगवान बुद्धांच्या..."

मागनं दोन-चार जण म्हणले.

पप्पांनी मूर्तीकडं बघितलं. मग बायांकडं. मला वाटलं आता पुढचं म्हणतील. माईक खरखरत होता. पप्पांनी तो तोंडाजवळनं खाली घेतला, आणि मग परत वर घेऊन म्हणले, "चहा हाय मांडवात. घेऊन जावा सगळ्यांनी."

मी मूर्तीमागच्या खोलीत जाऊन चटयांवर बसले.

१२ जानेवारी

पप्पा ओरडतील म्हणून मी काल दिवसभर वाट बघितली. ओरडले न्हाईत. आज सकाळी नळाजवळ शेजारणीला सांगत होते, "पोरगी लाजाळू हाय. एवढी माणसं बघून आवाजच बसला तिचा."

रत्नदीपदादा तर म्हणतो, "चूक माजीच. हिला शाळेत बी असंच व्हायचं, मी इसरलो."

सगळी वस्ती तेच म्हणती. कोपऱ्यावरच्या मावशीनं गालाला हात लावला, "घाबरलं बाई लेकरू." कुणी मला नावं ठेवली न्हाईत. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं, सुटल्यासारखं. मी काहीच म्हणलं न्हाय.

आणि मग लक्षात आलं की मी काहीच म्हणलं न्हाय.

१३ जानेवारी

प्रचार संपला. घरात सगळे कुजबुजत बोलतात, कुणी आजारी असल्यासारखं. पप्पा माज्याशी नीट वागतात. ते जास्त वाईट हाय. "जेवलीस का? जेव." मला सांगायचंय आणि सांगता येईना. आता सांगितलं तर दोन दिवस राहिलेत, पप्पांचा धीर जाईल. असं मी मला सांगते. खरं कारण ते न्हाय. खरं कारण मला लोकांचं 'घाबरलं लेकरू' आवडतंय.

१४ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेमुळं गारमेंटला सुट्टी. निंगव्वाअक्का मिरवणुकीतल्या काठ्या बघायला चल म्हणली. गेले न्हाय.

विहारात गेले. आजी होती. म्हणलं, "आजी, सगळे म्हणतात माजा आवाज बसला होता."

"बसला व्हता का?"

"न्हाय."

आजी वात वळत बसली. "माजा बसला व्हता," म्हणली. "ते येगळं असतं."

१५ जानेवारी

मतदान. मला मत न्हाय, सतराच चालू हाय. दिवसभर केंद्राबाहेर चिठ्ठ्या शोधून द्यायला बसले. टेकाडावरच्या बाया नव्या साड्या नेसून आल्या, एकाच काठाच्या. त्यातल्या दोघी माज्याकडं बघून हसल्या, मायेनं. कुणी काय दाबलं कुणाला म्हायती.

१६ जानेवारी

मम्मी पडली. अडतीस मतांनी.

रत्नदीपदादा मोठ्यानं रडला. पप्पा न्हाय रडले. मोजणीच्या हॉलमधनं चालत घरी आले, रिक्षा न करता. मम्मीनं त्यांना पाणी दिलं आणि पीठ मळायला बसली. उद्यापासनं मेसला येते म्हणून तिनं फोन बी केला होता. तिचं तोंड मला सुजल्यासारखं दिसेल असं वाटलं होतं, पण लई दिवसांनी नीट दिसलं. धक्क्यानं होत असंल तसं.

दारात बसलेल्या बायकांत कुणी तरी म्हणलं, "पोरीचा आवाज बसला नसता तर आज गुलाल होता." दुसरी म्हणली, "गप ग, तिला काय म्हणतीस, लेकरू हाय." मी आत ऐकत होते.

अडतीस. विहारात दोनशे होते.

मी हिशोब करायचा न्हाय असं ठरवलं आणि दिवसभर तोच केला. जर बोलले असते आणि टेकाडावर पाणी चढलं असतं, तर त्या बाईला उरलेलं पाणी परत मडक्यात ओतावं लागलं नसतं. हे खरं हाय. आणि तरी मी परत त्या जागी बसले तर परत तेच करीन, हेबी खरं हाय. दोन्ही एकदम खरं कसं असतं ते मला कळंना.

१७ जानेवारी

सांगितलं.

पप्पा दारावरचा फ्लेक्स सोडवत होते. हात वर जात न्हाय म्हणून स्टुलावर उभं राहून. शेजारणीनं तो पत्र्यावर टाकायला मागितला होता. मी स्टूल धरलं. मम्मीचा हसरा फोटो खाली आला, पप्पांनी तो घडी करायला घेतला.

"पप्पा."

"हं."

"माजा आवाज बसला नव्हता."

पप्पांनी घडी घातली. मग दुसरी. प्लास्टिक उलगडत होतं, परत दाबलं.

"मला म्हणायचं नव्हतं. म्हणून न्हाय म्हणलं."

"अडतीस," पप्पा म्हणले.

"व्हय."

"अडतीस मतं, प्रिया. आन् मी घरोघर सांगत फिरलो, पोर लाजाळू हाय, पोर घाबरली. तू ऐकून घेतलंस?"

"व्हय. ते चुकलं माजं."

"ते चुकलं. आन् आधीचं?"

पाली न्हाय, मागनं म्हणणारं कुणी न्हाय. "आधीचं न्हाय चुकलं," मी म्हणलं.

पप्पांचा हात उठला. मला वाटलं मारतात. त्यांनी तो भिंतीला टेकवला. "पाणी त्या मूर्तीतनं येणार हाय का? आँ? वीस वर्षं मी मूर्तीपुढं बसलो असतो तर हितं एक दिवा लागला असता का?"

"न्हाय."

"मग?"

मला लई बोलायचं होतं. आजीच्या वडलांचं, टोपल्यातल्या देवांचं, भ्याचं. यायलाच तयार न्हाय तोंडात. शेवटी जे आलं ते एवढंच, "मला तेवढंच हाय, पप्पा."

ते माज्याकडं बघत राहिले. दारात मम्मी येऊन उभी होती, हाताला पीठ. पप्पांनी तिच्याकडं बघितलं, मग परत माज्याकडं, आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणले, "आन् माजं काय झालं मग? मी तर लाजाळू न्हाय. हजार सभा केल्या. माईक हातात होता, दोनशे माणसं समोर. चार शब्द म्हणलो आन् पुढं येईचनात. माजं काय झालं, सांग."

"म्हायती न्हाय," मी म्हणलं. खरंच म्हायती न्हाय.

पप्पा फ्लेक्स खांद्यावर टाकून शेजारी द्यायला गेले. अजून आले न्हाईत. शेजारच्यांच्या पत्र्यावर ठोकल्याचा आवाज येतोय, म्हंजी स्वतःच बसवून देतायत.

उद्या रविवार. आता वस्तीला कळणार. पप्पा सांगतील, न्हाय सांगितलं तर मी सांगीन. वंदनेला किती येतील सांगता येत न्हाय. कुणीच आलं न्हाय तर मागनं आवाज येणार न्हाय, मी आणि आजी दोघीच. ते कसं वाटंल ह्याचा मी सकाळपासनं इचार करतेय, आणि भ्या वाटतंय, आणि जायचंच हाय.

मम्मीनं दोरीवर दोन पांढऱ्या साड्या टाकल्यात. एक तिची. दुसरी तिची जुनी, काठ विरलेली. मला साडी नेसता येत न्हाय म्हणलं तर म्हणली, "लवकर ऊठ, मी नेसवते. मलाबी जायचंय."